पहिल्या ओळीतले अबक

टेम्प्लेटच्या पहिल्या ओळीत उदाहरणादाखल टाकलेले श्री. अबक सोमवारी सकाळी कामावर हजर झाले.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात टेम्प्लेट वृंदा चौगुलेनेच केले होते. कुठला माल कुणाकडे आहे, गेला की अडकला, हे सगळ्यांना आपापल्या संगणकावर एकाच तक्त्यात दिसावे म्हणून तिने रकाने पाडले. ते भरायचे कसे हे कळावे म्हणून वर एक नमुन्याची ओळ घातली. नाव: अबक. काम: पाठवणी. स्थिती: पूर्ण. 'वापरण्यापूर्वी ही ओळ पुसावी' अशी सूचनाही लिहिली. ती कुणी वाचली नाही. आपल्याकडे सूचना ही नेहमी दुसऱ्याने वाचायची असते.

अबक अंगाने बेताचे होते, वयाने कुठलेही वाटत. ते खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. स्टोअर सांभाळणाऱ्या रफिक मुजावरांनी त्यांना चहा दिला. दुपारी मॅनेजर इनामदार साहेबांनी मान डोलावून त्यांचा नमस्कार घेतला. झाले, माणूस रुळला.

वृंदाला मात्र संशय आला. तसा तिला भाजीवाल्याच्या तराजूचा येई, सख्ख्या नणंदेचा येई. पण या संशयाला कारण होते. पाठवणी विभागाच्या प्रमुखाची जागा दिवाळीनंतर भरायची होती आणि इतकी वर्षं खस्ता खाल्लेल्या वृंदालाच ती मिळणार, असे सगळे धरून चालले होते. आता तक्त्यात तिच्या नावापुढे 'चालू', 'चालू', 'अडकले' असे दिसे आणि तिच्या डोक्यावर, पहिल्याच ओळीत, अबकांचे 'पूर्ण'.

"गाव कुठलं तुमचं?" तिने एकदा डबा खाताना विचारले.

"गावाचं नाव," अबक म्हणाले. "तालुका, जिल्हा."

"अहो, नाव सांगा की गावाचं!"

"तेच सांगितलं, बाई."

हात धुताना मुजावर हळूच म्हणाले, "माणूस वाईट न्हाई ओ. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई."

"तेच खटकतंय मला, रफिकभाई. अध्यात-मध्यात नसलेला माणूस हापिसात टिकतोय कसा?"

ती पाळत ठेवू लागली. अबक फोन उचलत नसत, ट्रकवाल्यांशी हुज्जत घालत नसत, कळफलकाला बोटही लावत नसत. त्यांच्या नावावर टाकलेले काम त्याच क्षणी 'पूर्ण' होई. शेवटी तिला पुरावा सापडला. तक्त्यात अबकांनी हुबळीला पाठवलेला माल मागच्या अंगणात, पेट्यांसकट, जागचा हललेला नव्हता. तिने इनामदार साहेबांना हाताला धरून न्यायचेच बाकी ठेवले.

साहेबांनी पेट्या पाहिल्या, मग मोबाइलवर तक्ता पाहिला.

"हुबळीचा माल तर गेलाय," ते म्हणाले.

"साहेब, हा काय समोर!"

"मग हा हुबळीचा नसणार. हा जादा माल आला कुठून, याची चौकशी व्हायला पाहिजे. तुम्हीच करा, चौगुले."

वृंदाच्या नावापुढे आणखी एक 'चालू' लागले.

"निदान ती ओळ तरी पुसू द्या मला," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "नुसतं उदाहरण आहे ते, साहेब. मीच टाकलंय."

"उशीर केलात. चाचणीचा काळ संपेपर्यंत ज्याला कुणी पुसलं नाही, तो कायम. नियमच आहे तसा." आणि मग जरा मऊ आवाजात, "तुमची तरी कुठं एवढी चौकशी केली होती आम्ही?"

दिवाळीनंतर जागा अबकांना मिळाली. वृंदाने सगळ्यांबरोबर पेढा घेतला, बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली आणि तोंड धुऊन परत आली.

संध्याकाळी अबकांनी तिला केबिनमध्ये बोलावले. ते तिच्याशी आदबीने वागत. काही झाले तरी तिनेच त्यांना घडवले होते.

"नवं टेम्प्लेट करतोय," ते म्हणाले. "उदाहरणाला नाव हवं. मी आता प्रमुख, माझं बरं दिसणार नाही. तुमचं घालू?"

वृंदाने त्यांच्याकडे रोखून पाहिले. "स्थिती काय लिहिणार?"

"पूर्ण."

"सगळ्या कामांची?"

"सगळ्या."

इतक्या वर्षांत तिच्या कामाला कुणी पूर्ण म्हटले नव्हते. ना हापिसात, ना घरी. जन्मभर ऊठसूट संशय घेणाऱ्या बाईने नेमका तिथे घेतला नाही.

"घाला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी स्कूटरचे चाक पंक्चर झाल्याने तिला उशीर झाला. गेटवर वॉचमन सनदींनी हात आडवा धरला.

"अहो, मी चौगुले."

"चौगुलेबाई मगाशीच आत गेल्या." ते तिला खालून वरपर्यंत न्याहाळू लागले.

तिने त्यांच्या खांद्यावरून हापिसाच्या खिडकीतून आत पाहिले. तिच्या खुर्चीवर एक बाई हात जुळवून स्वस्थ बसली होती. केस नीट विंचरलेले, चेहऱ्यावर कसली काळजी नाही. मुजावर तिला चहा देत होते आणि कशावर तरी हसत होते. वृंदाशी बोलताना ते कधी असे हसले नव्हते.

"कुणाला भेटायचंय?" सनदींनी दरडावून विचारले.

वृंदाने पुन्हा एकदा खिडकीकडे पाहिले.

"वृंदा चौगुलेंना."

"वेळ ठरलीय?"

"नाही."

"मग बसा त्या बाकावर. बाईंची कामं सगळी झालेली असतात. बोलावतील लगेच."

वृंदाने पदर सावरला आणि ती बाकावर बसली.