रांजणातला तमादा

द्राक्षमळ्यांच्या काखेती प्रांतात जन्मलेल्या माणसाला वाइनबद्दल काही शिकवावं लागत नाही, ते रक्तातच असतं, असं जुम्बरचं ठाम मत होतं. आज मुलीचा साखरपुडा होता. डोंगरापलीकडून येणाऱ्या व्याह्यांसमोर वाइनचा आठ हजार वर्षांचा इतिहास मांडायचा आणि तमादा, म्हणजे पंगतीचा मानकरी वक्ता, होऊन पंगत गाजवायची, हे त्याने कधीचंच ठरवलं होतं. तमादा प्याला उचलून बोलतो तोवर कुणी चकार शब्द काढायचा नाही! असा मान सोडतो कोण? शिवाय त्यावर डोळा ठेवून बायकोचा भाऊ गुराम बसलाच होता.

"अहो, रांजण धुणाऱ्याला बोलवा," लमारा म्हणाली. "आपलं पोट बघा, रांजणाचं तोंड बघा!"

"आजोबांनी पुरलेला रांजण आहे! नवा रस ओतायच्या आधी घरच्याच माणसाने धुवायचा!"

श्वास रोखून तो जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या त्या रांजणात उतरला. खसाखसा घासलं. वर येताना शिडी मोडली आणि जुम्बर बुडाशी आदळला.

"लमारा! शिडी!"

"गुराम गेलाय शेजारी आणायला. गप्प बसा, पाहुणे आले!"

पंगत रांजण पुरलेल्या त्या वाइनच्या कोठीतच मांडलेली. गुराम परतला तो रिकाम्या हातांनी, आणि थेट तमादाच्या जागेवर बसला! जुम्बर आत चरफडत राहिला.

"सहा हजार वर्षांपूर्वी," गुरामने प्याला उचलला, "आपल्या पूर्वजांनी..."

"आठ हजार, गाढवा!" जमिनीतून आवाज आला.

विहीणबाईंनी घाबरून छातीवर क्रूस काढला.

"आमचे दाजी आहेत," गुराम गोड हसला. "दाजी, तमादा बोलताना मध्ये बोलू नये!"

"मग बाहेर काढ मला!"

"प्याला हातात आहे हो. बोलणं संपल्याशिवाय खाली कसा ठेवू?"

आणि गुरामचं बोलणं संपेना! देशासाठी झालं, आयांसाठी झालं, मग गेलेल्यांसाठी. गेलेल्यांच्या नावाने रिवाजाप्रमाणे त्याने थोडी वाइन जमिनीवर ओतली. ती नेमकी रांजणाच्या तोंडातून जुम्बरच्या टकलावर पडली.

"मी जिवंत आहे रे!"

आता मात्र जुम्बरचा तोल सुटला. रिवाज गेला खड्ड्यात, म्हणजे त्याच्याच शेजारी! खालूनच तो सुरू झाला. द्राक्षवेली तोडणाऱ्या शत्रूच्या फौजा, मेलो तर तिथे वेल उगवावी म्हणून चिलखताखाली वेलीची काडी घेऊन लढायला गेलेले गडी, हाताने रांजण घडवणारे आजोबा... रांजणातून असा घुमारा उठला की कोठी दणाणली. व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काढा त्यांना बाहेर!" व्याही ओरडले. "आजचे तमादा तेच!"

दोर सोडला, चौघांनी ओढला. जुम्बरने डोकं पुसलं, कोटाची बटणं लावली, गुरामकडे एक नजर टाकली आणि प्याला उचलून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पण हे काय? वर आवाज अगदीच किरटा येत होता! व्याही चुळबुळू लागले.

"राग मानू नका," शेवटी ते हळूच म्हणाले, "पण खालून जरा भारदस्त वाटत होतं. म्हणजे, त्रास नसेल तर..."

जुम्बरने आशेने लमाराकडे पाहिलं. ती खाली मान घालून भाकरी मोडत होती.

शेजारची शिडी घेऊन गुराम मात्र आता अगदी धावत आला.