शेवटच्या बाकावरचा बाळ्या

आमच्या बी.एड. कॉलेजात चव्हाण सरांइतका ढ विद्यार्थी मी पाहिला नाही. वय साठीला टेकलेलं, एम.ए., एम.एड. आणि दर मंगळवारी अकरा वाजता पाचवीच्या शेवटच्या बाकावर!

ही पाचवी म्हणजे आमचा खोटा वर्ग. भावी शिक्षकांना खऱ्या पोरांसमोर सोडण्याआधी इथं सहा मिनिटांचा पाठ घ्यायला लावायचा, बाकीच्यांनी पोरं व्हायचं, आणि सगळं टेपरेकॉर्डरवर भरून घ्यायचं. सरांचं काम मागं बसून चुका टिपायचं. पण ते स्वतःच पोर व्हायचे. नाव बाळ्या, खिशात चिंचा, शर्टाचं वरचं बटण उघडं. गारगोटी गावची एक शिकाऊ मुलगी अपूर्णांक शिकवून घामाघूम झाली, तरी यांचा हात वर. "बाई, समजलं न्हाय की!" तिनं फळ्यावर भाकरी काढून चार तुकडे केले, तर म्हणाले, "बाई, भूक लागली." ती रडकुंडीला आली, आम्ही हसून बेजार.

पाठ संपला की सर टेप मागं फिरवून एकटेच ऐकत बसत. केवढी ही चिकाटी, असं मला वाटे. मी त्यांच्या हाताखालची नवखी प्राध्यापिका. राजारामपुरीतल्या त्यांच्या खोलीवर वाट बघणारं कुणी नाही, हे ठाऊक होतं; पण कधी चौकशी केली नाही. त्याची आता लाज वाटते.

निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाले आणि सर दिसेनात. मी शोधत गेले, तर खोट्या वर्गात टेप चालू. त्याच मुलीचा आवाज: "बाळ्या, अरे लक्ष कुठाय तुझं?" सरांनी टेप मागं घेतली. पुन्हा तेवढंच वाक्य.

मला बघून ते ओशाळले. "आई हाक मारायची ह्या नावानं. ती गेल्यापासनं सगळ्यांचा सरच झालोय. मंगळवारी तेवढं कोण तरी बाळ्या म्हणायचं. आता त्ये बी संपलं."



पुढच्या मंगळवारी मी नमुन्याचा पाठ सुरू करतेय तोच दारात सर. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण उघडं. "बाई, आत येऊ?"

वर्ग उठायला लागला. मी हातानंच सगळ्यांना बसवलं. वडिलांच्या वयाचा माणूस, जीभ रेटेना. तरी मी म्हणाले, "बाळ्या, उशीर का रे झाला? बस जाग्यावर."

ते जाऊन बसले. सहा मिनिटं संपली तरी हात वर झाला नाही. मीच विचारलं, "समजलं का रे, बाळ्या?"

"व्हय, बाई."