मैत्रीच्या रेकॉर्डिंगला पप्पांचा हातभार

"बावीस वर्षं मी या बहारीनमध्ये एसीचे आवाज ऐकतोय! नुसत्या कानाने सांगतो, कुठला नट ढिला आहे ते. तुझ्या शाळेचा एसी म्हणजे माझ्या हातचा मळ!"

जगदीशने सकाळी चहा पिता पिता मुलीला हे जाहीर केलं आणि त्याच्या बायकोने, शेवंतीने, कपाळाला हात लावला. जगदीश तिथल्या सीफ भागातल्या एका टॉवरच्या एसीचा सुपरवायझर. अशी घोषणा केली की काहीतरी बंद पडणार, हा शेवंतीचा अनुभव होता.

पण या वेळी त्याची तळमळ खरी होती. मुलगी मैत्री बुदैया हायवेवरच्या एका ब्रिटिश शाळेत स्कॉलरशिपवर शिकत होती. सिक्स्थ फॉर्मचं शेवटचं वर्ष, म्हणजे आपली बारावी. विषय फिजिक्स, मॅथ्स आणि चक्क म्युझिक! दोन वर्षांपूर्वी तिने हा विषय घेतला तेव्हा जगदीशने घर डोक्यावर घेतलं होतं. "अगं, पेटी वाजव, बाजा वाजव, मी नाही म्हणतो का? पण त्याचा पेपर कसला लिहिणार? 'सा'वर टीप लिहा?"

मग एकदा त्याने तिची वही उघडून पाहिली. प्रत्येक सुराखाली रोमन आकडे, दोनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या संगीतावर आठ-आठ पानी निबंध! जगदीशने वही जपून जागेवर ठेवून दिली. तेव्हापासून तो ऑफिसात भेटेल त्याला सांगायचा, "फिजिक्सपेक्षा कठीण आहे, राव!" फक्त मैत्रीला हे सांगायचं राहून गेलं होतं.

आणि आता संधी आली होती. मैत्रीला क्लॅरिनेट वाजवून त्याचं रेकॉर्डिंग परीक्षा मंडळाकडे पाठवायचं होतं. सलग वाजवायचं, मध्ये कापाकापी नाही. गुरुवार शेवटचा दिवस, आणि म्युझिक रूममध्ये कसलीशी घूं घूं सारखी चालू.

"पप्पा, इट्स सो अनॉइंग! माझ्या सुराच्या जस्ट खाली आहे तो आवाज. म्हणजे मीच बेसूर वाटते!"

शाळेचे एसीवाले पुढच्या आठवड्यात येणार होते. शेवटी म्युझिकच्या नुसरत मॅडमनी प्रिन्सिपल बाईंची परवानगी काढली आणि बुधवारी दुपारी जगदीश टूलबॉक्स घेऊन शाळेत हजर झाला. थाट असा, जणू ऑपरेशनला सर्जन आलाय!

शाळेची देखभाल बघणारा इमाद त्याला गच्चीवर घेऊन गेला. जगदीशने म्युझिक रूमचं युनिट बंद केलं आणि मैत्रीला फोन लावला.

"गेला आवाज?"

"नाही. स्टिल देअर."

"असं होय! मग बाजूच्या युनिटचा आवाज डक्टमधून येत असणार." त्याने दुसरं बंद केलं. "आता?"

"आहे."

तिसरं. "आहे." चौथं. "आहे, पप्पा!"

"सदीक, मेरे दोस्त," इमाद घाबरून म्हणाला, "नीचे टेस्ट चालू है. बच्चा लोग..."

"दो मिनिट, इमादभाई! दो मिनिट में खलास!"

आणि जगदीशने एसीचा मुख्य स्विचच खाली ओढला. एप्रिल संपत आलेला, दुपारचे दीड. सगळ्या शाळेचा एसी एका झटक्यात गप्प!

"आता सांग!"

पलीकडून मैत्रीचा बारीक आवाज आला. "पप्पा... अजून आहे."

जगदीशला दरदरून घाम फुटला. तो जिने उतरून खाली आला तेव्हा नववीची मुलं टेस्टच्या कागदांनी वारा घेत हॉलमधून बाहेर पडत होती. स्टाफरूममधून शिक्षक आले, लायब्ररीतून लायब्रेरियन आली, आणि या सगळ्या वरातीच्या पुढे लालबुंद चेहऱ्याच्या प्रिन्सिपल बाई!

"मिस्टर जगदीश, व्हॉट हॅव यू डन?"

"मॅडम, सॉरी मॅडम! अभी चालू करता हूँ... म्हणजे, नाही करता येणार! कॉम्प्रेसरला पंधरा मिनिटं थांबावं लागतं. नाहीतर जळेल!" घाबरला की जगदीशच्या तोंडून एका वाक्यात दोन-तीन भाषा निघायच्या. नुसरत मॅडमनी त्यातून वेचून वेचून बाईंना इंग्रजीत समजावलं.

इकडे मैत्री म्युझिक रूममध्ये डोळे मिटून उभी होती. मग मांजरीसारखी एकेक पाऊल टाकत कोपऱ्यातल्या पडद्याकडे गेली, पडदा सरकवला आणि खाली वाकली. मागे नुसरत मॅडमचा पाण्याच्या बाटल्यांचा छोटा फ्रिज! तिने प्लग उपटला.

घूं घूं थांबली.

बावीस वर्षांचा तज्ज्ञ दारात उभा राहून त्या एवढ्याशा फ्रिजकडे बघत राहिला.

"तुला कसं कळलं गं?"

"ऐकून, पप्पा. दोन वर्षं हेच तर शिकतेय मी."

नुसरत मॅडमनी घड्याळ पाहिलं. "कितने मिनिट बाकी हैं, भाईसाहब?"

"नौ, मॅडम."

"पीस आठ का है. और पूरे स्कूल में इस वक्त चूँ तक नहीं! मैत्री, चल. अभी!" आणि रेकॉर्डर चालू करून त्या पियानोवर बसल्यासुद्धा. दारातल्या मुलांना बाईंनी ओठांवर बोट ठेवून गप्प केलं.

मैत्रीने क्लॅरिनेट ओठांना लावली. घरी तुकड्या-तुकड्याने कानावर पडणारं ते वाजवणं जगदीशने पहिल्यांदाच सलग ऐकलं. पन्नासेक घामेजलेली मुलं कॉरिडॉरमध्ये उभी होती, पण कोणी हललं नाही. इमादने टोपी काढून हातात धरली. एक सूर असा लांबत लांबत गेला की जगदीश टूलबॉक्स खाली ठेवून आणखी पुढे सरकला. आपण सुरुवातीला या विषयाला नाक मुरडलं, आणि या लोकांनी आपल्या पोरीला एवढं शिकवलं! शेवटी सूर विरला आणि सगळं शांत झालं. जगदीशला राहवेना.

"वा! वा गं माझी वाघीण!" त्याने कडकडून टाळ्या वाजवल्या.

एकट्यानेच.

मैत्रीने डोळे मोठे केले, श्वास घेतला आणि उरलेलं दीड मिनिट वाजवून संपवलं.

मग मात्र कॉरिडॉर दणाणला! जगदीश तोंडावर हात ठेवून उभा होता. "मॅडम, मेरी वजह से... बेटी का मार्क..."

"कुछ नहीं होगा," नुसरत मॅडम हसून म्हणाल्या. "रेकॉर्डिंग में सुननेवाले चलते हैं. अच्छा है, परीक्षक को पता चलेगा कि लोग गरमी से बेहोश नहीं हुए थे!"

जगदीशने गच्चीवर जाऊन एकेक युनिट चालू केलं. खाली येऊन त्याने नुसरत मॅडमचे आभार मानले, इमादला मिठी मारली, टेस्ट बुडवल्याबद्दल नववीच्या मुलांची माफी मागितली. मुलांनी उलट त्याचेच आभार मानले आणि 'अंकल, पुन्हा कधी येणार' म्हणून विचारलं! प्रिन्सिपल बाई त्याला थेट गेटपर्यंत सोडायला आल्या. तो मान समजायचा की बंदोबस्त, हे त्याला कळलं नाही.

गाडीत बसल्यावर त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"मैत्री, तू हा विषय घेतलास ते फार बरं केलंस. मी उगाच आडवा येत होतो. चुकलं माझं."

 मैत्रीने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"थँक यू, पप्पा. तुम्ही सगळं बंद केलंत म्हणून तर इतकं क्लीन रेकॉर्डिंग मिळालं. रिअली."

जगदीशची छाती फुगली. "मग पुढच्या महिन्यात तुमची ती कॉन्सर्ट आहे ना, तिला पण येतो!"

"या ना. पण आईच्या शेजारी बसायचं, आणि ती वाजवेल तेव्हाच टाळी वाजवायची!"