गुणवंतभाऊंचे पॅसिंजर

एकदा मी दुसऱ्याच्या घरातलं कुत्रं त्याला न विचारता तिसऱ्याला देऊन टाकलं. वर शाबासकी मिळेल म्हणून चहाचं आधण ठेवून वाट पाहत बसले. तेव्हा मी बासष्टची होते, म्हणजे पोरवयच म्हणा. आता सत्तरी उलटल्यावर मला त्या बाईचा फार राग येतो. भारीच शहाणी होती. दुसऱ्याच्या दुःखावर औषध तिच्या पदरी कायम बांधलेलं. दुखतं कुठे, एवढंच ती विचारत नसे.

कुत्रं होतं आमचे शेजारी गुणवंतभाऊ यांच्याकडे. त्यांचं कुत्रं म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "माहं नोहे जी ते. पॅसिंजर हाय."

गुणवंतभाऊ वर्ध्याच्या आगारातून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण एसटीतून काही उतरले नाहीत. बायको वारलेली, मूलबाळ नाही. गावातली काही मुलं रस्त्यावरची जखमी, टाकून दिलेली पिल्लं उचलून आणत, त्यांचं औषधपाणी करत, आणि कायमचं घर मिळेपर्यंत एखादं भाऊंकडे ठेवत. पिल्लू जिथून चढलं ते त्याचं नाव. त्यामुळे आमच्या गल्लीत पुलगाव रात्रंदिवस भुंकायचं, देवळीला जुलाब व्हायचे, आणि सकाळी दात घासताना भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "पवनार, खाली उतर! गादीवर जागा नाई, मांगं सरक!"

पण खरी गंमत पुढेच. पिल्लाला घर मिळालं की भाऊ रोज जेवण झाल्यावर त्याला ओट्यावर समोर बसवत आणि समजावून सांगत. "हे पाय, तुले हिंगणघाटले जाचं हाय. घरात एक म्हतारा हाय, त्याच्या काठीले भेवाचं नाई. अंगन मोठं हाय. मी संगं येनार नाई."

मी भिंतीवरून डोकं काढून म्हणायची, "अवो भाऊ, कुत्र्याले का समजते?"

"नोको समजो. स्टॉप सांगनं कंडक्टरचं काम हाय, वयनी. समजनं पॅसिंजरचं."

निरोपाच्या दिवशी पिल्लाला गाडीत बसवलं की ते खिडकीपाशी उभे राहत, त्याला आपलं तोंड नीट दिसेल असे. "मी इथंच हाओ. तू पुढं चाल्ला," असं सांगत. मग गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारत. डबल बेल. गाडी वळली की घरात जाऊन दार लावत. दोन-दोन दिवस घरात गॅस पेटत नसे. मी वरणभाताचा डबा पाठवायची, तो तसाच परत यायचा. "कुत्र्याचं सुतक पाळते हा माणूस," असं मी गल्लीभर सांगत फिरायची.

गल्लीभर सांगण्यासारखं माझ्याकडे आणखीही एक होतं. त्यांच्या भिंतीवर दोन बायकांचे फोटो होते, दोघींनाही हार. मी विचारलं तर म्हणाले, "हे मोठी माय. हे लहान माय." झालं! बापानं दोन बायका केल्या होत्या, हे मी त्या दिवशी संध्याकाळच्या आत चार घरांत पोचवलं. पुढचं विचारायची गरज मला वाटली नाही. एवढं कळल्यावर विचारायचं काय?

त्या पावसाळ्यात 'हिंगणी' आली. हिंगणीच्या रस्त्यावर सापडलेली, बदामी रंगाची, मागचा पाय लंगडा. आली ती थेट दिवाणाखाली शिरली. भाकरी नाही, दूध नाही, नुसती थरथरत होती. मुलांनी हाका मारल्या, मी चुचकारलं, कुणाला दाद देईना. शेवटी गुणवंतभाऊ इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासकट फरशीवर पालथे पडले आणि हळू आवाजात थांबे पुकारू लागले. "वर्धा... पवनार... सेलू... केळझर..." अख्खी गल्ली खिडकीला चिकटलेली. "बुटीबोरी" म्हटल्यावर दिवाणाखालून एक ओलं नाक बाहेर आलं. मी एवढी हसले की खिडकीचा गज धरावा लागला. पण त्यानंतर ती पोरगी बुटीबोरीला रोज उतरू लागली.

दिवाळी झाली आणि तिला घर मिळालं. नागपूरचं तरुण जोडपं. दुसऱ्या माळ्यावर फ्लॅट. रविवारी न्यायला येणार असं ठरलं. तिला ओट्यावर बसवून नागपूर समजावणं सुरू झालं. पण या खेपेला भाऊंचा आवाज मधेच बसायचा. मग ते खाकरायचे आणि वर्ध्यापासून पुन्हा सुरू करायचे.

आदल्या दिवशी त्यांना पुलगावला एका तेरवीला जावं लागलं. हिंगणीला माझ्याकडे ठेवून गेले. दुपारी त्या जोडप्याचा मला फोन आला, माझा नंबर मुलांनी दिलेला. "काकू, आम्ही आजच वर्ध्यात आलोय. आजच नेलं तर चालेल का?"

मी भाऊंना फोन लावला नाही. लागत नव्हता असं मी पुढे बऱ्याच लोकांना सांगितलं, पण मी लावलाच नव्हता. माझ्या डोक्यात विचार असा की बरं झालं, या माणसाची ताटातूट वाचली. दोन दिवसांचा उपास वाचला. मी हिंगणीला दूधपोळी चारली, पोट नगाऱ्यासारखं झालं, ती गाढ झोपली. जोडपं आलं तेव्हा तशीच उचलून त्यातल्या मुलीच्या मांडीवर ठेवली. गाडी गेली. कुणी रडलं नाही, कुणी भुंकलं नाही. मी स्वतःवर इतकी खूश झाले की आरशात पाहून केस विंचरले.

संध्याकाळी फाटकातून हाक आली, "हिंगणी, बुटीबोरी आलं!" हातात टोस्टचा पुडा होता.

मी चहा पुढे करत ऐटीत सगळं सांगितलं.

त्यांनी कप घेतला नाही. एकच विचारलं, "झोपली होती?"

"हो नं! गाढ. तिले काईच समजलं नाई."

ते माझ्या पायरीवर बसले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर मीही तोंड सोडलं असतं, त्यात मी कमी नव्हते. पण ते उठले, टोस्टचा पुडा पायरीवर विसरले आणि घरी गेले.

सकाळी नागपूरहून फोन आला. जाग आल्यापासून हिंगणी पलंगाखाली होती. पाण्यालाही तोंड लावलं नव्हतं. भाऊ पहिल्या गाडीला निघाले. मीही मागून चढले. त्यांनी माझं तिकीट काढलं, पण बसले पुढच्या बाकावर.

त्या चकचकीत फ्लॅटमध्ये गुणवंतभाऊ पुन्हा पालथे पडले. या वेळी थांबे उलटे. "नागपूर... बुटीबोरी..." ती आली. सरपटत आली आणि त्यांच्या शर्टात तोंड खुपसून थरथरत राहिली. या खेपेला मला हसू आलं नाही. त्यांनी तिला पाणी पाजलं, ती मुलगी कुठे झोपते ते दाखवलं, भाकरी त्या मुलीच्या हातून खायला लावली. मग तिचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाले, "हिंगणी, तुहा स्टॉप हाच. मी चाल्लो. सांगून चाल्लो." दारात उभं राहून चौकटीवर दोनदा थाप मारली.

ती मागे धावली नाही. तिथेच बसून पाहत राहिली. जिना उतरताना वरून तिचं कुईं कुईं ऐकू येत होतं, पण भाऊंनी पाय थांबवला नाही.

परतीच्या एसटीत ऊन तापलं होतं. माणसं माना टाकून पेंगत होती. भाऊ खिडकीपाशी ताठ बसले होते, डोळे लाल. केळझर मागे पडलं तेव्हा मला राहवेना. म्हटलं, "भाऊ, चुकलं माह्यं. जरासाक डोळा तं लावा. वर्धा आलं की मी उठवतो."

ते बाहेर पाहतच म्हणाले, "वयनी, फोटोतली लहान माय हाय नं, ते माही काकू. काका-काकूले लेकरू नोतं. मायनं मले यष्टीत मांडीवर झोपवलं. उठलो तं आर्वीले काकूच्या घरी, न् माय परतीच्या गाडीनं निंगून गेलती. मी रडू नोये म्हनून. चांगल्यासाठीच केलं तिनं. पन तवापासून मले गाडीत झोप येत नाई."