इराक्काचं ताईफुकट

आमच्या गल्लीत एक जपानी मिठाई हुती, आन् ती माझ्याबिगर हुत न्हाय. म्हंजी मी काय करत न्हाय. इराक्का उखळात भात घालती, मला समोर पाटावर बसवती आन् माझं तोंड बघून मुसळ हानती.

खोटं वाटंल, पर खरं हाय. त्या भाताला राग लागतो. सादा कुटला तर भातच ऱ्हातो, रागानं कुटला की त्याचं लोनी हुतं. आन् इराक्काला राग यायला माझ्या तोंडाइतकं सोईचं गल्लीत दुसरं कायबी न्हाय. माझी बायकू म्हनती, "चला, देवानं तुमाला एक तरी कामाचं दिलं."

मी फळाची गाडी लावतो, इराक्काच्या दारासमोरच्या लिंबाखाली. शाळा चौथीत सुटली. मी सोडली न्हाय, मास्तरच हात जोडून म्हनले, "म्हादू, तुला घरी काय काम न्हाय का?" पर फळं वळखावी तर मीच, असं मी समजत हुतो. मग एक दिस इराक्काला चिकू म्हनून घरचं बटाटं जोखून दिलं. ती पिशवी घिऊन परत आली. एकेक बटाटा गाडीवर ठिवत म्हनली, "हे पिकायला किती दिस लागत्याल रं?"

मी अजून सावध न्हवतो. म्हनलं, "अक्का, तांदळात घालून ठिवा. दोन दिसात पिकत्याल."

तवापासनं मला बगितलं की तिच्या कपाळाची शीर उडती.

इराक्का म्हंजी सत्तरीला टेकलेली, कपाळावर इबूत, अंगावर इरकल, आन् आवाज असा की दूधवाला कोपऱ्यावरनंच किटली वाजवायची बंद करतो. मालक रेल्वेत हुतं, होटगीला. वारलं. घरात एकटीच. मराठीच बोलती, पर राग डोक्यात गेला की कानडी येतं. "सुम्म कुंद्र!" म्हंजी गप बस. हे ती मला म्हनती, कुकरला म्हनती, टीव्हीवरल्या बातम्यावाल्या बाईला म्हनती. एकदा देवळात घंटा वाजवनाऱ्यालाबी म्हनली. वर इचारलं, "देवाला काय कमी ऐकू येतं व्हय?"

नळाला दिसाआड दिसाआड करत कवातरी पानी येतं, ह्याचा राग तर सगळ्यांनाच हाय. इराक्काला पानी आल्याचाबी येतो. "आता आठवन झाली व्हय!" म्हनून नळाखाली घागर आपटती. एकदा हळदीकुंकवाला एका नव्या सुनंनं सगळ्यांम्होरं "इराक्का लई प्रेमळ हायती" म्हनून टाकलं. झालं. "मी तुझं काय वाकडं केलंय गं?" म्हनली, वाण तितंच ठिवलं आन् निघून आली.

पर ह्या सगळ्या रागात एक राग खरा हुता. त्यो पोरीवरचा.

तिची एकच पोरगी, भाग्या. पुन्यात नोकरीला. तितंच तिनं आपल्या मनानं लगीन केलं, पोरगा आपल्यातला न्हवं. इराक्का फोनवर एवडंच म्हनली, "माझ्या दारात यायचं न्हाय." पोरगीबी हिचीच. आली न्हाय. दोन वर्सं मायलेकी बोलल्या न्हाईत. भाग्या मोबाईलवर रोज स्टेटस ठिवायची आन् इराक्का रोज गुपचूप बगायची. हितनं बगितलेलं तितं दिसतं, हे हिला म्हाईत न्हवतं. तिकडं पोरीला रोज कळायचं, आई बगून गेली.

एक दिस मला हाक मारून मोबाईल म्होरं धरला. "हे काय हाय रं?"

पांढरा गोळा, मधी कापलेला, आत लाल. मी म्हनलं, "उकडलेलं अंडं हाय की. आत टमाटं."

"माझ्या उंबऱ्यावर अंड्याचं नाव घेतूस? सुम्म कुंद्र!"

शेजारच्या मास्तरीनबाईनं मग वाचून सांगिटलं. तांदळाची जपानी मिठाई, आत स्टॉबेरी. खाली भाग्यानं लिवलं हुतं, मला लई आवडती. त्याच हप्त्यात तिचा एका ओळीचा मेसेज आला. रविवारी आमी दोगं येतोय.

आता मानसानं काय करावं? "ये बाई" म्हनावं. इराक्कानं गल्लीत काय सांगिटलं? "पुन्यात हाटेलवालं भाताच्या गोळ्याला लुटत्यात लोकास्नी. हितं करून दावते मी!" पर आमाला काय कळत न्हवतं का? "ये" एवडं एक अक्षर तिच्या तोंडातनं निगत न्हवतं, म्हनून हातानं करायचं चाललं हुतं. ती मिठाई जर बिघडली असती, तर पोरीम्होरं ठिवायला इराक्काकडं दुसरं कायच न्हवतं.

पयल्या डावाला दुकानातलं तांदळाचं पीठ आनून शिजवलं. त्याचा डिंक झाला. उलथनं त्यात हुबंच ऱ्हायलं. "ओढ रं," म्हनली. मी उलथनं ओढलं तर पातेलंच हातात आलं. चव बगावी म्हनून बोटभर तोंडात घातलं, तर मिशी आन् खालचा ओठ चिकटून बसला. घरी गेलो. बायकू म्हनली, "आज घर कसं शांत वाटतंय."

मग मोबाईलवर बगून ठरलं की भात कुटाय लागतो. इंद्रायणी तांदूळ रातभर भिजवला, इडलीच्या भांड्यात फडक्यावर वाफवला, सोप्यातल्या उखळात घातला आन् कुटला. भात त्यो भातच. तेवड्यात मी तितं गेलो, स्टॉबेरीचा खोका घिऊन. वरचा थर बगून मीबी फसलो हुतो. इराक्कानं खालची बगितली. सगळी पिचकलेली. तिनं माझ्याकडं बगितलं, मुसळ उचललं. मी डोळं मिटलं.

मुसळ भातात पडलं. "वरनं चांगली!" धाड. "खालनं सडकी!" धाड. "तुझ्यासारकीच!" धाड. मी एक डोळा उघडला. उखळात भात न्हवताच. चकचकीत, पांढरा, रबरागत गोळा.

इराक्का गोळ्याकडं बगाय लागली, मग माझ्याकडं. म्हनली, "उद्या सकाळी ये."

असं मला नेमलं. रोज सकाळी पाटावर बसायचं. "बोल कायतरी," म्हनायची. मी आपलं माझंच सांगायचो. सासरा दवाखान्यात हुता तवा मी भेटाय गेलो आन् तासभर दुसऱ्याच म्हाताऱ्याचं पाय दाबून आलो. त्यो म्हातारा बरा हून घरी गेला, सासरा अजून बोलत न्हाय. "मानूस हाय का—" धाड. "भोपळा हाय—" धाड. गोळा तयार. गोळ्याच्या पातळ पाऱ्या करायच्या, त्यात पुरण, पुरणात फळ. जपानी लोक पुरणाच्या जागी काय घालत्यात ते त्यांचं त्यांना म्हाईत. इराक्का म्हनली, "पुरण सोडून मानूस दुसरं काय घालंल?"

आता नावाचं सांगतो. नाव तिनं मला एकदाच सांगिटलं, दाइफुकू. माझ्या कानात गेलं 'ताई फुकट'. मला वाटलं, पोरगी येतीया, आनंदानं वाटत असंल. मी गाडीवर येनाऱ्या दर बाईला सांगत सुटलो, "इराक्काकडं ताई फुकट हाय! उद्या सकाळी!"

सकाळी दारात ही रांग. डबं, वाट्या, एकीच्या हातात तर घागर. एक म्हातारी म्होरं येऊन इचारती, "ताईला फुकट हाय ते कळलं. आजीला कसं हाय?"

इराक्कानं दार उघडलं. रांग बगितली. रांगंच्या टोकाला मी, माझाबी डबा घिऊन.

त्या दिशीचा गोळा असा झाला की जपानात झाला नसंल. आन् तो सगळा तिनं वाटला. दर बाईच्या हातावर एकेक आपटत, "घे! खा! परत आलीस तर बग!" शेवटाला माझा नंबर आला तवा दार लावून घेतलं.

मग रविवार उजाडला.

चांगली स्टॉबेरी घिऊन गेलो. बायकूनं निवडली, मला हात लावू दिला न्हाय. इराक्कानं नवी इरकल नेसलेली. दारात रांगुळी. आन् मला म्हनती, "ये म्हादू. चा घेतूस का?"

मी मागं वळून बगितलं, माझ्या पाठीमागं दुसरा कोन म्हादू हुबा हाय का म्हनून.

ती गुणगुणत कुटाय बसली. मुसळ पडत हुतं जसं बाळाला थोपटावं. भाताचं शीत शीत येगळं. "बोल रं," म्हनली. मी सांगिटलं, परवा सुट्टं पैसं गिऱ्हाइकाला दोनदा दिलं. हसली. सांगिटलं, लग्नात दुसऱ्याच मांडवात जेवून आयर करून आलो. पदर तोंडाला लावून हसली. बटाट्याचं काढलं, तर "तांदळात घालून ठिवा म्हनलास की रं!" म्हनून खो खो. मला तर धरनी फाटंल तर बरं असं झालं. एवड्या वर्साचं माझं काम एका सकाळी गेलं.

पुन्याची गाडी यायची येळ झाली. भात थंड व्हाय लागला. तवा मी मूर्ख मानूस, म्हनलं खरा राग कुटं हाय ते मला म्हाईत हाय. म्हनलं, "अक्का, कायबी म्हना, भाग्यानं तुमचं नाक कापलं."

मुसळ थांबलं.

मी मार खायला खांदा म्होरं केला. पर ती वरडली न्हाय. हळूच म्हनली, "नाक हाय की रं जाग्यावर." उखळाकडं बगत बसली. "दोन वर्सं दाराला कडी लावली न्हाय मी. म्हनलं, रागात बोललेलं हाय माझं, पोरगी आली तर दार वाजवायला लाजंल. नुसतं ढकलून आत यावं तिनं. चोरसुदिक आला न्हाय बग."

आमी दोगं त्या भाताकडं बगत बसलो.

तेवड्यात दार ढकललं. वाजवलं न्हाय, ढकललं. भाग्या. मागं जावई, हातात पेढ्याची पेटी, बूट काढावा का नको ह्या इचारात.

"काय करतेस?" भाग्यानं इचारलं. दोन वर्सानं आईला पयला शब्द.

"दिसत न्हाय का? भात कुटतीया."

भाग्यानं ताटातलं पुरणाचं गोळं बगितलं, स्टॉबेरी बगितली. तोंड असं झालं की आता रडती. पर ती इराक्काची पोरगी. "असा कुटतात होय?" म्हनून वरडली. "जोर कुठे गेला तुझा? दे इकडे!" पर्स माझ्या मांडीवर फेकली आन् मुसळ हिसकावलं.

धाड. "फोन करता येत न्हवता तुला?" पुन्याची भाषा पयल्याच तडाख्याला गळून पडली.

इराक्कानं पान्यात हात बुडवून उखळात घातला आन् गोळा पलटला. "तुला येत हुता की!"

धाड. "दारात येऊ नको कोन म्हनलं?"

"दारात म्हनले! फोनवर येऊ नको म्हनले का?"

मुसळ वर गेलं की आईचा हात आत, हात भाईर आला की मुसळ खाली. कुनीच मोजत न्हवतं, कुनीच बगत न्हवतं, दोगी एकमेकीच्या तोंडाकडं बगून भांडत हुत्या. माझीच बोटं मी काखेत दाबून धरली. जावई हळूच म्हनला, "मला पाया पडायचं होतं. कधी पडू?" मी म्हनलं, "मुसळ वर गेल्यावर. पर लवकर उठा."

धाड. "मला टायफाइड झाला तवा कुटं हुतीस?"

इराक्काचा हात उखळातच थांबला. मुसळ वरच थांबलं.

"कवा?"

"गेल्या पावसाळ्यात."

"सांगिटलं का न्हाईस?"

"तू इचारलंस?"

मग इराक्कानं गोळा पलटला आन् म्हनली, "हान. थांबू नको. थंड झालं की गोळा हुईना मग."

भाग्या रडत हानत हुती, इराक्का रडत पलटत हुती, आन् दोगीबी आवाज खाली आनत न्हवत्या. गोळा झाला तो लहान पोराच्या पोटागत मऊ. मग कुनी कुनाला न सांगता एक पारी करती, दुसरी भरती. पयली मिठाई झाली तशी भाग्यानं हात म्होरं केला. इराक्कानं तो झटकला.

"आदी त्येनला दे. पाव्हनं हायती."

"आन् मी?"

"तू काय पाव्हनी हायस व्हय? उठ, त्येनला पानी आन. तांब्या कुटं असतो म्हाईत हाय न्हवं?"

भाग्या आत गेली. तांब्या फळीवर म्होरंच हुता. तरी तिला घ्यायला लई येळ लागला. आमच्याकडं पाठ करून हुबी हुती. जावयानं मिठाई तोंडात घातली, त्याचंबी तोंड चिकटलं, म्हनून कशी झाली ते त्याला सांगता येईना. नुसता मान हलवत हुता. इराक्का त्याच्या मानंकडं देवाकडं बगावं तशी बगत हुती.

मलाबी मग ऱ्हावलं न्हाय. मांडीवर ती पर्स घिऊन मी बसलेलो, सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं, आन् ते जरा मोट्यांदा पुसलं गेलं. इराक्कानं मान वळवली. शीर उडाय लागली.

"आमी मायलेकी भांडतोय, त्यात तू कशाला रडतूस रं? पर्स ठिव खाली आन् भाईर जा. शेळी तुझी केळी खाय लागलीया."