आभाराचं एक पान

पुस्तकात आभाराचं एक पान घालायचं, एवढंच कुंदननं ठरवलं होतं. फक्त एक. माणसानं उपकार विसरू नयेत हे खरं, पण ते छापायला निघू नये हेही तितकंच खरं. हे दुसरं खरं त्याला वेळेवर कोणी सांगितलं नाही.

कुंदन म्हणजे खानदेशातून पांडेसऱ्याच्या गिरणवस्तीत आलेला, तिथल्या एका डाईंग मिलमधला कलर मास्टर. व्यापाऱ्यानं चिंधीएवढा नमुना धाडायचा आणि कुंदननं हजारो मीटर कापड नेमकं त्याच रंगात उतरवून द्यायचं. मोरपंखी आणि गडद मोरपंखी यांच्यामध्ये आणखी चार मोरपंखी असतात, असं तो शपथेवर सांगायचा. (बायकोनं, म्हणजे सोनालीनं, अंगावर नेसलेली साडी नवी की जुनी, हे मात्र त्याला उभ्या जन्मात ओळखता आलं नाही.) एकवीस वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग गेल्या दिवाळीच्या सीझनला, दोन-दोन शिफ्ट ओढता ओढता, एका दुपारी तो नमुना हातात धरून मिलच्या फरशीवर बसला. "सगळे सारखेच दिसतात," म्हणाला आणि हमसून हमसून रडायला लागला. डॉक्टर म्हणाले, बर्नआउट. अडीच महिने घरी.

त्यातून तो उठला, देवाची कृपा. आता उठला तर गुमान कामाला लागावं की नाही? पण छे! बऱ्या झालेल्या माणसाला उपदेशाची जी उबळ येते तिच्यावर अजून औषध निघालेलं नाही. कुंदननं पुस्तकच लिहिलं. नाव, 'थकलात? मग उठा!' आत नऊ पायऱ्या. पहिली पायरी, पहाटे चारला उठा.

सोनाली साडीवर टिकल्या चिकटवत होती. कुंदन आजारी पडल्यापासून तिनं हे घरबसल्या मजुरीचं काम धरलं होतं. तिनं एका हातानं वही चाळली.

"चारला कोण उठत होतं हो?"

"तसं लिहावं लागतं."

"चारला मी उठत होते. तुम्ही दहाला. तेही मी तिसऱ्यांदा चहा गरम केल्यावर."

"अगं, वाचकाला प्रेरणा नको का मिळायला?"

"आणि हे काय, 'एकांतात स्वतःला शोधा'? तुम्हाला एकांत मिळाला कधी?" ती थांबली. मग जरा हळू आवाजात म्हणाली, "यात मी कुठंय?"

"आहेस की! पान बत्तीस. 'कुटुंबाचा आधार महत्त्वाचा असतो.'"

सोनालीनं वही मिटून बाजूला सारली. एकेक टिकली मोजल्यासारखी चिकटवत राहिली. लग्नाला वीस वर्षं झालेल्या नवऱ्याला या गप्प बसण्याचा अर्थ बरोबर कळतो. खरंच की! अख्ख्या पुस्तकात जिचं नाव पहिलं हवं तिचं नावच नाही. त्याच संध्याकाळी त्यानं ठरवलं, शेवटी एक पान घालायचं. वर 'सोनालीस' आणि खाली मनापासून चार ओळी.

पुस्तक छापायला घेतलं होतं महेशनं. तो कुंदनचा लांबचा मेहुणा, आणि त्याचा प्रेस लग्नपत्रिकांचा. खानदेशी लग्नपत्रिका ज्यानं पाहिलीय त्याला पुढचं सांगायला नको. नवरा-नवरीची नावं कोपऱ्यात आणि बाकी कागदभर आमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, समस्त भाऊबंद, मामे मंडळी, मावस मंडळी. एक नाव राहिलं तर तो माणूस लग्नाला येतो, जेवतो, आणि पुढं दहा वर्षं बोलत नाही. महेशच्या हातात आभाराचं पान पडलं आणि त्यानं चांगुलपणानं दोन जणांना सांगितलं, "कुंदनभाऊ आभारात नावं छापतोय."

दुसऱ्याच दिवशी कलाबाई हजर. कुंदनची मोठी माय, म्हणजे चुलती.

"काय रे कुंदन, मन्हं नाव टाकं का नही?"

"मोठी माय, त्यात फक्त..."

"मी कोरफड आनेल व्हती ना तुन्हासाठे!"

आणली होती. बर्नआउट म्हणजे मिलमध्ये कुठंतरी भाजलं, असं समजून आणली होती आणि दोन दिवस कपाळाला फासलीही होती. नाही कसं म्हणणार? कुंदननं नाव लिहिलं. कलाबाईचं लिहिलं म्हणून तिच्या जावेचं लिहावं लागलं. जावेचं लिहिलं म्हणून जावेच्या दोन्ही सुनांचं. मारुतीच्या शेपटासारखी यादी वाढत चालली. डिंडोलीहून लोक आले, पलसाण्याहून आले. एका भाच्यानं तर आडनावासकट, फोटोसकट आणि 'युवा उद्योजक' असं खाली लिहून पाठवलं.

महेशचा फोन आला, "भाऊ, ऐंशीच पानं बसतील. त्याहून जाड झालं तर माझी पिन घुसत नाही."

मग काय, पायऱ्या तोडायला सुरुवात. नऊच्या सात झाल्या. योगासनं गेली. सातच्या चार झाल्या. 'एकांतात स्वतःला शोधा' गेलं, कारण तिथं मामे मंडळी बसवायची होती. कुंदन मिलमधून थकून यायचा आणि यादी घेऊन बसायचा. डोळे पुन्हा जड व्हायला लागले. थकव्यावरचं पुस्तक लिहून पुन्हा आडवा पडणारा जगातला पहिला लेखक व्हायची पाळी आली.

अशात आले निंबाआप्पा. थोरले चुलते. लूमवर चाळीस वर्षं काढलेला, ऐकायला कमी आणि बोलायला त्याहून कमी असा माणूस. कुंदन आता कावला होता.

"आप्पा, तुम्ही काय केलं होतं?"

"मी? मी बसलो."

"बसलात?"

"दर बुधवारी. दोन तास."

"आप्पा, तुम्ही आमच्याकडं फुकटचा पेपर वाचायला यायचात!"

"मला कुठं वाचता येतं?" आप्पा म्हणाले. "तुझ्याकडं बघत बसलोय हे तुला दिसू नये, म्हणून पेपर धरायचो."

कुंदननं हातातली यादी खाली ठेवली. (वाचता येत नाही तर छापील नाव कशाला, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. आप्पांनी ते ओळखलं आणि म्हणाले, "दुसऱ्यांना येतं ना!")

"पण बुधवारच का, आप्पा?"

"सोनालीनं बुधवार दिला. सोमवार कलाबाईचा, मंगळवार तिच्या जावेचा, शनिवार महेशचा. ती साड्यांचं काम आणायला-पोचवायला बाहेर पडायची ना, तेवढ्या वेळात तुला एकटं ठेवायचं नाही म्हणाली. मिलच्या शिफ्टसारखा तक्ता केला होता पोरीनं."

अडीच महिने कुंदनला वाटत होतं, काय ही माणसं! आजारी माणसाच्या घरी उठसूट येतात, चहा ढोसतात. त्यानं तर त्यावरही एक पायरी लिहिली होती, 'नकोशा माणसांना दूर ठेवा'. आता त्याचे कान तापले. तो तसाच स्वयंपाकघरात गेला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बसू दिलं असतं कोणाला?" सोनाली म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

त्या दिवसानंतर कुंदननं एकाही नावाला नाही म्हटलं नाही. उलट स्वतः आठवून आठवून लिहिली. कोणी डबा आणला, कोणी मिलमध्ये जाऊन शेठला समजावलं, कोणी नुसतं शेजारी बसून शेंगा सोलल्या. लिहिताना डोळे भरून यायचे. उरलेल्या पायऱ्याही गेल्या, फक्त 'पोटभर झोपा' एवढी अर्ध्या पानात राहिली. आणि 'सोनालीस' हे पान त्यानं फाडून नव्यानं लिहिलं. चार ओळींच्या आठ झाल्या, आठाच्या साठ. पान गच्च भरलं.

श्रावणात कानबाई, म्हणजे खानदेशातली घरोघरची देवी, यंदा कुंदनच्याच घरी बसणार होत्या. अख्खी भावकी तिच्या नैवेद्याचे रोट खायला एका घरात जमते, तेव्हा प्रकाशन त्याच दिवशी. आदल्या दुपारी तो मिलमध्ये रंग जुळवत असताना महेशचा फोन आला.

"भाऊ, एक पान जास्त होतंय. कुठलं काढू?"

"ज्या पानावर एकच नाव आहे ते काढ," कुंदन म्हणाला. "बाकीच्यांवर चाळीस-चाळीस आहेत, कोण रुसेल सांगता येत नाही."

त्याच्या मनात होतं 'लेखकाविषयी' हे स्वतःचं पान. केवढा त्याग! दिवसभर तो स्वतःवर खूश होता.

कानबाईच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पुस्तकं वाटली गेली आणि जो तो बोट फिरवत आपलं नाव शोधायला लागला. "सापडलं!" "माझं आधी आलं!" "फोटो बारीक छापला हो!" निंबाआप्पांनी तिघांकडून आपलं नाव वाचून घेतलं. सोनालीनं हात पुसले, एक प्रत उचलली, शेवटचं पान उघडलं. तिथं कुंदनचा हात जोडलेला फोटो होता आणि खाली, 'लेखकाविषयी'. तिनं पुस्तक उलटं चाळलं, सुलटं चाळलं, मिटलं.

"छान झालंय," ती म्हणाली आणि आत निघाली.

कुंदनची पाचावर धारण बसली. "महेश, तिचं पान?"

"तुम्हीच म्हणाला, एकच नाव असलेलं काढ!"

"अरे, ते माझं!"

"तुमच्या पानावर तर वडलांचं, आजोबांचं आणि डॉक्टरांचंही नाव आहे!"

नावं शोधणारी बोटं जागच्या जागी थांबली. पान तर गेलं. कुंदन पाटावरून उठला आणि सगळ्यांसमोर उभा राहिला. "सोनाली, थांब," तो म्हणाला. "त्या पानावर लिहिलं होतं की मी उठलो नाही, मला उठवलं. मी जेवत नव्हतो तेव्हा तू ताटात माझ्यासोबत हात घालून बसायचीस. मी रात्री रडायचो हे तू माझ्या आईलासुद्धा सांगितलं नाहीस. पहाटे चारला उठून टिकल्या चिकटवल्यास, घर चालवलंस, आणि एकदाही म्हणाली नाहीस की मी थकले. या घरात पुस्तक लिहायचा हक्क असेल तर तो तुझा आहे. तू होतीस म्हणून मी आहे."

बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. निंबाआप्पांनी पुस्तक तोंडापुढं धरलं. सोनाली दारातून वळून बघत उभी होती. ती दोन पावलं पुढं आली. तिचेही डोळे भरले होते.

"छापलं नाही तेच बरं झालं," ती म्हणाली. "छापलं असतं तर एकदाच वाचलं असतं. आता दर कानबाईला सगळ्यांसमोर तोंडी म्हणायचं."

"म्हणेन," कुंदन गहिवरून म्हणाला.

"आणि पुढच्या वर्षी माझ्याकडं बघून म्हणा. आत्ता सगळं त्या पंख्याला सांगितलंत."