तीन एक्के आणि एक चिंचोका

हातात तीन एक्के असताना एकच चिंचोका लावायचा असं मी ठरवलं, आणि माझ्या मते तो निर्णय फार हुशारीचा होता. (माझे बरेच निर्णय माझ्या मते हुशारीचे असतात. दुसरं मत अजून मिळालेलं नाही.)

त्या वर्षी देशात म्हणे सगळंच खुलं होत होतं. आमच्या बरकतपुऱ्यात त्याचा पुरावा म्हणजे गच्चीवरून खिडकीत उतरलेली केबलची काळी वायर. ती मी घेतली क्रिकेटसाठी. पण त्याच सुमाराला माझे सासरे नामदेवराव अंबरपेठहून आमच्याकडे राहायला आले. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तो पट्टीखाली. दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून पिकायचा होता. तरीही ते दिवसभर केबलवर परदेशी कुस्त्या बघत. "माणसं मोठाली असतात, जावईबापू. दिसतात," असं त्यांचं म्हणणं. क्रिकेटचा चेंडू त्यांना दिसत नसे, त्यामुळे तो मलाही दिसत नसे.

माझी कुरकुर ऐकून बायकोनं, म्हणजे त्रिवेणीनं, तोडगा काढला. पाडव्याच्या दुपारी तीन पत्ती खेळायची, पैशांऐवजी चिंचोके लावायचे. शेवटी ज्याच्यापुढे ढीग मोठा, त्याच्याकडे तुळशीच्या लग्नापर्यंत रिमोट. सासऱ्यांची एकच अट होती.

"चालीला लिमिट नक्को. ज्याला जेवढं वाटंल तेवढं लावू द्या."

तिसरा गडी म्हणून खालच्या मजल्यावरचे हिम्मतराव आले. त्यांना रिमोटशी घेणं नव्हतं, ते चिवड्यासाठी खेळत होते.

डोळ्यांमुळे सासरे पत्ते न बघताच खेळत, म्हणजे कायम ब्लाइंड. शो झाला की त्रिवेणी स्वयंपाकघरातून येऊन त्यांचे पत्ते वाचून दाखवी. असं असूनही दुपार कलेपर्यंत त्यांच्यापुढे चिंचोक्यांचा डोंगर होता आणि माझ्यापुढे आमटीच्या वाटीत मावतील एवढे. चहा ठेवताना त्रिवेणीनं आतून सांगितलं, "आता शेवटचा डाव हं!"

त्या डावात मला तीन एक्के आले. याच्या वर तीन पत्तीत काही नाही. आता फक्त तो डोंगर अलीकडे आणायचा होता.

पण कसा? मागे ऑफिसात डब्याच्या सुटीत असाच भारी हात आला, तेव्हा मी हरखून होतं नव्हतं ते पुढे ढकललं होतं. टेबलावरची मंडळी एका दमात पत्ते टाकून पॅक झाली होती आणि मला मिळाले होते चार आणे. म्हणून आता धोरण बदललं. चाल लहान लावायची आणि चेहरा पाडायचा. (चेहरा पाडायला मला फारसे कष्ट पडत नाहीत. माझ्या साहेबांची आठवण काढली की काम होतं.)

मी एक चिंचोका पुढे सरकवला आणि उसासा टाकला.

हिम्मतराव चिवड्यात हात घालत म्हणाले, "मी पॅक."

सासऱ्यांनी चाचपून मूठभर चिंचोके टाकले. "हौ, येऊ द्या!"

मासा गळाला लागला होता! मी मोजून तेवढेच टाकले, अगदी नाइलाज झाल्यासारखे. त्यांनी ओंजळ ओतली. आता वाटीतलं सगळं पुढे ढकलायचं आणि मोकळं व्हायचं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण मी अभिनयात रंगलो होतो. मी कपाळाला हात लावला, डोळे मिटले, ओठही थोडा थरथरवला.

नेमकी तेव्हाच त्रिवेणी चहा घेऊन आली.

"अगंबाई! अहो, काय होतंय? छातीत दुखतंय का?"

मी डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस. ते तिला आणखीच केविलवाणं वाटलं असावं.

"बाबा, पुरे झालं आता! यांचे डोळे भरून आलेत. सकाळीच ओवाळलंय मी यांना, आणि सणासुदीला जावयाला रडवता?"

सासऱ्यांचा चेहरा एकदम उतरला. "रडायलेत? मला कुठं दिसतंय पोरी! घ्या जावईबापू, मी पॅक. अन् रिमोट बी तुमच्याकडंच राहू द्या."

त्यांनी उशाखालचा रिमोट काढून माझ्या हातात ठेवला. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. शहाणा माणूस तिथेच चहा पिऊन गप्प बसला असता.

पण दयेचा रिमोट? तीन एक्के असताना? माझा स्वाभिमान उसळला. मी पत्ते उघडे करून सतरंजीवर आपटले. "वाच, त्रिवेणी!"

तिनं वाकून बघितलं. "बाबा... यांच्याकडे तीन एक्के होते."

"मग रडत कायकू होते?"

"नाटक करत होते."

हिम्मतराव म्हणाले, "अरे यार, पण कोणासाठी? यांना ना स्वतःचे पत्ते दिसत, ना तुमचं तोंड. सगळी वाटी ओतली असती तरी हे आले असते!"

हे मला खरोखरच सुचलं नव्हतं. सासऱ्यांनी हात पुढे केला आणि मी त्यात रिमोट ठेवला. त्यांचा डोंगर तसाच शाबूत होता. माझ्या वाटीत ओंजळ-दीड ओंजळ चिंचोके वाढले होते.

संध्याकाळी टीव्हीवर कुस्ती लागली. त्यांना धूसर दिसतं, म्हणून शेजारी बसून मीच सगळं सांगत होतो. खाली पडलेला पैलवान कंबर धरून विव्हळत होता, तेही सांगितलं.

सासरे पुढे वाकले. "जावईबापू, नीट बघून सांगा. त्याला खरंच लागलंय, का त्याच्याकडं बी तीन एक्के हैत?"